यादी आठ ठिकाणांची, आणि प्रॅम कोणाच्या हातात?

"ताई, जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही लंडनला नणंदेकडे जातोय, ती हाउन्स्लोला राहते. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीचचा, सोबत सासू-सासरे. नणंदेला सुट्टी नाही त्यामुळे लंडन आमचं आम्हालाच फिरायचंय. नवऱ्याने एका दिवसाची यादी केलीये, बकिंगहॅम पॅलेस, बिग बेन, लंडन आय, टॉवर ऑफ लंडन, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ, डायनासोरचं म्युझियम आणि संध्याकाळी ऑक्सफर्ड स्ट्रीट. मी म्हटलं मुलांना झेपणार नाही तर म्हणाला तू सुरुवातच नाहीने करतेस. मागे सिंगापूरला मी दिवसभर प्रॅम आणि बाथरूम एवढंच बघितलं होतं, फोटोत सगळे आहेत, मीच नाही. सासऱ्यांना बाबासाहेब राहायचे ते घर बघायचंय पण ते संकोचाने बोलतच नाहीत. काय करू? नाव नको."

तुझं पत्र वाचल्यावर आधी एक सांगते, तू 'नाही' म्हणत नाहीयेस, हिशोब मांडतेयस आणि तो बरोबर आहे. यादीतला टॉवर शहराच्या एका टोकाला, म्युझियम दुसऱ्या टोकाला, मादाम तुसाँ तिसरीकडे. नुसत्या टॉवर ऑफ लंडनला नीट बघायचं तर तीन तास जातात, लंडन आयची एक फेरी अर्ध्या तासाची पण त्याआधीची रांग वेगळी, आणि अडीच वर्षांच्या मुलाला मेणाच्या पुतळ्यांत काय कळणार. नुसता धावायचा म्हटला तरी हा दिवस मोठ्या माणसांना जड जाईल, मग सासूबाई आणि प्रॅम घेऊन तर विचारायलाच नको.

पण नवऱ्याशी भांडू नकोस, त्याला 'काय काय सोडायचं' हे सांगायला गेलीस की तो यादीच घट्ट धरून बसेल, त्यापेक्षा मुलाचं घड्याळ दाखव. जूनमध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथे दुपारचे चार वाजतात तेव्हा तुझ्या मुलाच्या अंगात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, आणि पहाटे तीन-साडेतीनला तो टक्क जागा होऊन खेळायला मागणार. पहिले तीन-चार दिवस हे असंच चालतं. म्हणून हा मोठा दिवस पोहोचल्याबरोबर ठेवूच नका, चौथ्या-पाचव्या दिवशी ठेवा, तोवर हाउन्स्लोतल्याच बागेत जा, दुकानात जा, मुलांना उजेडात खेळवा. आणि तेव्हाही लक्षात ठेवा की मुलांचा चांगला वेळ सकाळचा आहे, दुपारनंतर जे मिळेल ते वरकड. एवढं एकदा त्याच्या डोक्यात बसलं की यादी तो स्वतःच कमी करेल बघ.

दिवस निवडताना शनिवार-रविवार टाळा. तिथल्या शाळांना मेअखेरीस आठवडाभर सुट्टी असते, तो आठवडा कधीकधी जूनच्या सुरुवातीला पण लागतो, तेवढी तारीख नणंदेला विचारून घ्या कारण त्या आठवड्यात म्युझियममध्ये पाय ठेवायला जागा नसते. सुट्टी नसेल त्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार उत्तम.

आता दिवस कसा लावायचा ते सांगते. मी तुझ्या जागी असते तर सगळा दिवस 9 नंबरच्या बसवर बांधला असता. हाउन्स्लो ईस्टहून पिकाडिली लाइनची ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, पकडायची आणि हॅमरस्मिथला उतरायचं, साउथ केन्सिंग्टनला नाही. म्युझियम साउथ केन्सिंग्टनच्या जवळ आहे हे खरं, सगळे तेच सांगतील, पण त्या स्टेशनला प्लॅटफॉर्मवरून वर यायला लिफ्ट नाही, जिने आहेत, आणि प्रॅम, सासूबाईंचे गुडघे नि दोन पोरं घेऊन जिने म्हणजे सकाळीच सगळ्यांची चिडचिड. हॅमरस्मिथला लिफ्ट आहे, वरतीच बसस्टँड आहे, आणि 9 नंबर तिथूनच सुटते त्यामुळे बसायला जागा मिळते. मुलीला आजोबांबरोबर वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर पाठव, समोर पूर्ण काच असते, तिच्यासाठी हीच पहिली मोठी मजा. प्रॅम खालीच ठेवायची, त्यासाठी मोकळी जागा असते, मात्र व्हीलचेअरवालं कोणी आलं तर ती जागा त्यांची, प्रॅम घडी करावी लागते, म्हणून हलकी, एका हाताने मिटणारी प्रॅमच घेऊन जा.

तिकिटाचं एवढंच की बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टेकवायचं. मोठ्यांचं प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एका कार्डावर चौघं जाता येत नाही, तेव्हा सासू-सासऱ्यांसाठी आधीच फॉरेक्स कार्डं करून घ्या. ट्यूबमध्ये शिरताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर दोन्हीकडे फुकट. ज्येष्ठ नागरिकांचा मोफत पास तिथल्या रहिवाशांना असतो, आपल्याला नाही, त्यामुळे सासऱ्यांनी आधार कार्ड दाखवायची तयारी ठेवू नये. निघायचं साडेनवाच्या आसपास, त्याआधी ऑफिसची गर्दी असते आणि भाडंही जास्त. मुलं पहाटेच उठलेली असणार म्हणजे पोहे-उपमा खाऊन, आंघोळी करून आरामात निघता येईल.

बस रॉयल अल्बर्ट हॉलला सोडेल. तिथून एक्झिबिशन रोडने खाली दहा मिनिटं चालत नॅचरल हिस्टरी म्युझियम, म्हणजे यादीतलं डायनासोरचं म्युझियम. प्रवेश फुकट आहे पण वेळेचं फुकट तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, साडेदहा-पावणेअकराचं. आत गेल्या गेल्या मोठ्या हॉलमध्ये छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, सव्वापंचवीस मीटर लांब, नाव होप. 1891 मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेला हा मासा, या हॉलमध्ये तो 2017 पासून आहे. मुलीला त्याच हॉलच्या कमानींवर चढणारी दगडी दिसणारी माकडं शोधायला सांग, ती भाजलेल्या मातीची आहेत, 1881 साली इमारत उघडली तेव्हापासूनची, पोरं अर्धा तास त्यातच रमतात.

डायनासोरच्या दालनात मात्र सगळ्यांनी एकदम जाऊ नका. आत अंधार असतो आणि एक हलणारा, डरकाळ्या फोडणारा टी-रेक्स आहे, सहा वर्षांच्या मुलीला तो हवाच असेल, अडीचचा मुलगा तिथे किंचाळून रडण्याची शक्यता जास्त. आणि इथेच तुझ्या पत्रातल्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. डायनासोर बघायला मुलीला घेऊन तू जा. प्रॅम नवऱ्याकडे. तो देवमाशाखाली मुलाला घेऊन बसेल, डायपर बदलायची वेळ आली तर तो बदलेल, खाऊ भरवेल. तू लिहिलंयस ना की सिंगापूरला तू प्रॅम आणि बाथरूमच बघितलं, ते काही ठिकाणं जास्त होती एवढ्यामुळेच झालं नाही ग, प्रॅम दिवसभर एकाच हातात राहिली म्हणून झालं. यादी आठाची दोन केली तरी तो हात बदलला नाही तर तुझ्या वाट्याला तेच येणार. म्हणून निघायच्या आदल्या रात्री शांतपणे, सासूबाईंसमोर नको, दोघंच असताना ठरवून टाका, सकाळी म्युझियममध्ये प्रॅम त्याची, जेवणानंतर तुझी, संध्याकाळी परत त्याची. बायका हे मागायला लाजतात, वाटतं आपण आई आहोत तर त्यात काय मागायचं. मागायचं. त्यानेही रजा काढलीये आणि तूही, दोघांनीही तिकिटाचे तेवढेच पैसे मोजलेत.

आणि दोन तासांपेक्षा जास्त थांबू नका. मुलीला अजून ज्वालामुखी बघायचा असेल, नवऱ्याला सगळंच बघायचं असेल, तरी साडेबारा-एकला बाहेर पडा. बाहेर पडताना बागेत काशाचा अख्खा डिप्लोडोकस उभा आहे, फर्न म्हणतात त्याला, बाग 2024 मध्ये नव्याने उघडली, तिथे फोटो काढा. आत रांग फार असली आणि डायनासोर हुकला तरी मुलीला हा तरी नक्की मिळेल.

सासरे वाचणारे-विचार करणारे दिसतात, तर त्यांना या दोन तासांत समोरच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये सोडा, रस्ता ओलांडला की आलंच, तेही फुकट आहे. टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ, इंग्रज शिपायावर बसलेला, तो याच म्युझियमच्या संग्रहातला. 2024 मध्ये साताऱ्याला वाघनखं आली ती याच म्युझियममधून, तीन वर्षांसाठी. सासूबाईंना चालवत नसेल तर तिथल्या मधल्या अंगणात बाकांवर निवांत बसता येतं, अंगणात उथळ पाण्याचा मोठा हौद आहे, उन्हाळ्यात मुलं त्यात पाय बुडवून खेळतात, तेव्हा तुम्ही चौघं म्युझियम आटपून तिकडेच गेलात तर मुलाची पण चैन होईल. एक जास्तीची चड्डी-पॅन्ट आणि छोटा पंचा बॅगेत असू दे.

जेवण घरून न्या. विकत काहीच मिळत नाही असं अजिबात नाही, शाकाहारी सँडविचपासून सगळं मिळतं, पण सहा जणांना कॅफेत एकत्र जागा मिळेपर्यंत मुलं भुकेने रडकुंडीला येतात. थालीपीठ, मेथीचे ठेपले, दहीभात, जे मुलं डोळे मिटून खातात ते. हाइड पार्क नि केन्सिंग्टन गार्डन्स अल्बर्ट हॉलच्या समोरच आहेत, गवतावर चादर टाकून बसा, कोणी काही म्हणत नाही, तिथली माणसंही तसंच बसतात. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटल्या तिथेच भरा, विकत घेत बसू नका. आणि एक रिकामी छोटी बाटली वेगळी ठेवा, कारण तिथे टॉयलेटमध्ये जेट नसतो, फक्त कागद असतो, सासूबाईंना याचा सगळ्यात जास्त त्रास होईल आणि त्या सांगणार नाहीत. म्युझियममधून निघताना लागली असो वा नसो, सगळ्यांनी जाऊन यायचं. मुलाचं डायपर सोडवायचं चाललं असेल तर त्या दिवशी बिनधास्त डायपर घाल, एका दिवसाने काही बिघडत नाही.

जेवण झाल्यावर मुलाला प्रॅममध्ये झोपव आणि बागेतून चालत राहा, किंवा सगळे गवतावर आडवे व्हा. हा एक तास कुठल्याही ठिकाणासाठी देऊ नका. नवरा म्हणेल तेवढ्यात अजून एक होईल. नाही होणार, झोप मोडलेलं पोर घेऊन पुढचं काहीच होत नाही.

मग परत तीच 9 नंबर, ट्रफाल्गर स्क्वेअरच्या दिशेने. उतरून थोडं चाललं की सेंट जेम्सेस पार्क. इथे पेलिकन आहेत, मोठ्या चोचीचे, 1664 साली रशियाच्या वकिलाने राजाला भेट दिले तेव्हापासून या तळ्यावर पेलिकन आहेत, आणि दुपारी अडीच ते तीनच्या दरम्यान त्यांना मासे घालतात. त्या वेळेत पोहोचलात तर छान, नाही पोहोचलात तरी ते काठावर येऊन बसलेले दिसतातच. तळ्यावर एक छोटा निळा पूल आहे, त्याच्या मध्यावर उभं राहिलं की एका बाजूला बकिंगहॅम पॅलेस आणि दुसऱ्या बाजूला लंडन आय दिसतं. नवऱ्याला सांग, यादीतली दोन नावं इथे एका पुलावर झाली. पार्कच्या पॅलेसकडच्या टोकाला मुलांचं प्लेग्राउंड पण आहे, मुलाला तिथे सोडा, त्याच्या दृष्टीने दिवसातलं सगळ्यात भारी ठिकाण तेच असणार आहे आणि ते मान्य करून टाका.

पॅलेससमोर सैनिकांची बदली होते ती बघायची हौस सगळ्यांना असते, पण मुलांना घेऊन मला ते पटत नाही, तासभर आधी जाऊन उभं राहावं लागतं आणि लहान मुलांना पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात. त्याऐवजी पार्क ओलांडून हॉर्स गार्ड्सला जा, तिथे लाल-निळ्या झगमगीत पोशाखातले घोडेस्वार पहाऱ्यावर असतात आणि बरोबर चार वाजता त्यांची तपासणी होते. गोष्ट मुलीला सांगण्यासारखी आहे, 1894 मध्ये व्हिक्टोरिया राणी चारच्या सुमाराला तिथून गेली तर पहाऱ्यावरचे शिपाई दारू पिऊन जुगार खेळत बसलेले, मग तिने शिक्षा म्हणून पुढची शंभर वर्षं रोज चार वाजता तपासणी करायला लावली असं सांगतात. शंभर वर्षं 1994 लाच संपली, तपासणी मात्र चालूच आहे. फक्त घोड्यांच्या तोंडाजवळ मुलांना नेऊ नका, ते चावतात, तशी पाटीच आहे तिथे.

तिथून व्हाइटहॉलने सरळ पाच-सात मिनिटं चाललं की बिग बेन. तास वाजताना तिथे असाल तर मुलांना थांबवून ऐकवा.

आता परतीचं. वेस्टमिन्स्टर स्टेशनला लिफ्ट आहे, तिथून ज्युबिली लाइनने एकच स्टेशन ग्रीन पार्क, तिथेही लिफ्ट, मग पिकाडिली लाइन. गाडीवर हीथ्रो लिहिलेलं बघूनच चढा, अक्सब्रिजची गाडी पुढे वेगळी फुटते. पण पाच ते साडेसहा या वेळात ट्यूबमध्ये शिरू नका, प्रॅमला उभं राहायलाही जागा नसते. मुलं दमली असतील तर हॉर्स गार्ड्सपाशीच दिवस संपवा आणि सव्वाचारला गाडीत बसा, बिग बेन स्टेशनला जाता-जाताच. मुलं ताजी असतील तर पूल ओलांडून पलीकडे नदीकाठी बसा, खायला घाला, सातनंतर निघा, जूनमध्ये नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. हे सकाळी ठरवायचं नाही, चार वाजता मुलाच्या तोंडाकडे बघून ठरवायचं, आणि ठरवणारी व्यक्ती तू. हेही आदल्या रात्रीच बोलून घे, म्हणजे तिथे रस्त्यात वाद नको. अगदीच हातपाय गळाले तर काळी टॅक्सी थांबवा, त्यात प्रॅम उघडीच आत जाते आणि कारसीट नसली तरी कायद्याने चालतं. हाउन्स्लोपर्यंत टॅक्सी फार महाग पडेल, हॅमरस्मिथपर्यंत घ्या आणि पुढे ट्यूब.

हरवण्याचं बोलायला नको वाटतं, पण बोलून ठेवायलाच हवं. सकाळी निघताना दोन्ही मुलांचा अंगावरच्या कपड्यांसकट फोटो काढ. मनगटावर पेनने आपला फोन नंबर लिही, देशाच्या कोडसकट. मुलीला एकच गोष्ट शिकव, आम्ही दिसलो नाही तर जिथे आहेस तिथेच उभी राहा, शोधायला निघू नकोस. ट्यूबचं दार बंद होऊन कोणी आत, कोणी बाहेर राहिलं तर आतल्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं, बाहेरच्याने पुढच्या गाडीने तिथे जायचं, हे सासूबाई-सासऱ्यांनाही दोनदा सांग. फोन रस्त्याच्या कडेला हातात धरून मॅप बघत उभे राहू नका, सायकलवरून येऊन हिसकावून नेतात, भिंतीकडे वळून बघा. आणि जूनमध्येही सगळ्यांना पातळ जॅकेट हवं, पाऊस कधीही येतो, छत्रीपेक्षा टोपीवालं जॅकेट बरं कारण एका हातात प्रॅम असते.

उरलेल्या यादीचं काय, तर टॉवर ऑफ लंडन आणि टॉवर ब्रिज शेजारी-शेजारी आहेत, तिथे नवऱ्याला आणि सासऱ्यांना एक दिवस दोघांनाच जाऊ दे. कोहिनूर तिथेच आहे, बापलेक निवांत बघतील, आणि तेवढा अर्धा दिवस तू मुलांबरोबर घरी. त्याच्या बदल्यात दुसरा अर्धा दिवस तुझा एकटीचा, मुलं नवऱ्याकडे, ऑक्सफर्ड स्ट्रीटला जा नाहीतर कुठे कॉफी घेऊन बस. बदल्यात हा शब्द मुद्दाम वापरतेय. मादाम तुसाँ सोडूनच द्या.

आणि सासऱ्यांचं ते घर. हे वाचून मला फार वाटलं ग, सगळ्यांच्या आवडीची यादी झाली आणि त्यांचीच एक इच्छा कोणी विचारली नाही. 10 किंग हेन्रीज रोड, चॉक फार्म स्टेशनजवळ. 1921-22 मध्ये बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकत असताना इथे राहायचे, घरावर त्यांच्या नावाची निळी गोल पाटी आहे. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि स्मारक केलं. मुलांना घेऊन जायला ते अवघड नाहीच, उलट सोपं आहे, शांत गल्ली आहे, पलीकडेच प्रिमरोज हिलची टेकडी, वर गेलं की सगळं लंडन समोर पसरलेलं दिसतं, उतारावर मुलं गडगडा लोळतात, खाली खेळायची जागाही आहे. म्हणजे सासरे आत जाऊन त्यांना हवा तेवढा वेळ बसतील, मुलांना कोणी गप्प बस म्हणायची गरज नाही. उघडं असायच्या वेळा आधी बघून घ्या आणि हा दिवस मोठ्या दिवसाच्या आधी ठेवा, नंतर नको, कारण नंतर ठेवलेलं दमल्यावर पहिलं गळतं. त्यांना तूच जाऊन विचार, "बाबा, बाबासाहेबांच्या घरी सकाळी जायचं की दुपारी?" एवढंच. जायचं का असं विचारलंस तर ते नको म्हणतील.

म्युझियमची तिकिटं आजच काढून टाक, काढताना नवऱ्याला शेजारी बसव.